उलटं करून बघ!

हुबळीच्या आमच्या मावशीची एक खोड आहे. दुकानात कुठलंही कापड हातात आलं, की ती आधी ते उलटं करते. रंग नंतर, किंमत त्याहून नंतर. आधी आतली बाजू! दुकानदार बिचारा वरच्या नक्षीचं कौतुक सांगत असतो आणि मावशी तोवर खालून आत शिरलेली असते. मग ती कापड चिमटीत धरून चुरगाळणार, उजेडाकडे धरून एक डोळा बारीक करणार, शिवणीवरून अंगठा फिरवणार. एवढं सगळं झालं की म्हणणार, “हं. आता सुलटं दाखव.”

लहानपणी मला या प्रकाराची भयंकर लाज वाटायची. मी आपला दुकानाच्या दाराशी जाऊन उभा राहायचो, म्हणजे ही बाई आपल्या ओळखीचीच नाही असं लोकांना वाटावं. यंदा सुट्टीत माझी भाची ओवी आणि भाचा रोहन माझ्याबरोबर हुबळीला आले होते. ओवी सहावीत, रोहन तिसरीत. कोप्पीकर रोडवरच्या पहिल्याच दुकानात मावशीनं एक शर्ट पालथा केला, आणि बघतो तर ही दोघं दाराशी!

कोप्पीकर रोड म्हणजे हुबळीचा लक्ष्मी रोडच समजा. कपड्यांची दुकानं एकाला एक चिकटून. काचेआड डोकं नसलेले पुतळे नवे कपडे घालून उभे, फुटपाथवर मोजे आणि बनियनचे ढीग, रिक्षांचे भोंगे, आणि दारादारांतून हाका, “बर्री, बर्री! नोड्री!” म्हणजे, या हो या, बघा तरी! जवळच दुर्गदबैलचा बाजार आहे. तिथं चुरमुऱ्यांचं गिरमिट मिळतं, सोबत मिरची भजी. (लेख कपड्यांवर लिहायचाय म्हणून, नाहीतर गिरमिटावर दोन पानं सहज झाली असती.)

हुबळीचं आजचं नाव हुब्बळ्ळी, पण मराठी माणसांच्या तोंडी अजून हुबळीच आहे. १९५६ सालापर्यंत हा भाग मुंबई राज्यात होता. दुकानांमधून आजही कानडी, हिंदी आणि मराठीची छान भेळ ऐकू येते. मावशी कापडाची चौकशी मराठीत करते आणि भाव मात्र कानडीत. “कानडीतच कमी होतो,” असं तिचं म्हणणं.

तर ओवीला शाळेत एक प्रकल्प होता, ‘लोक रोज काय घालतात?’ मी तिला डॅनियल मिलर यांची गोष्ट सांगितली होती. हे लंडनच्या विद्यापीठातले मानववंशशास्त्रज्ञ. ते वेगवेगळ्या देशांत गेले, की रस्त्याकडेला उभे राहायचे आणि समोरून जाणारी पहिली शंभर माणसं मोजायचे. त्यातल्या किती जणांच्या अंगात जीन्स आहे? उत्तर जवळपास निम्म्याच्या आसपास यायचं. जगातली इतकी माणसं सकाळी उठून, एकमेकांना न विचारता, एकच कपडा घालतात!

ओवी म्हणाली, आपण कोप्पीकर रोड मोजू. दोघं दुकानाच्या पायरीवर वही घेऊन बसली. वहीत रकाने पाडले: जीन्स, साडी, पंजाबी ड्रेस, धोतर, इतर. पाचच मिनिटांत भांडण. एक ताई जीन्सवर खणाचं जाकीट घालून गेली. ती कुठल्या रकान्यात? एक आजोबा पांढरं धोतर, पांढरी टोपी आणि मध्ये नातवाचा असावा असा टी-शर्ट घालून गेले. ते कुठे? चाळिसाच्या आसपास पोचलो नाही तोच समोर बस थांबली आणि सगळी बस एकदम खाली उतरली. रोहननं वही मिटली.

मावशी पिशवी सांभाळत बाहेर आली. “माणसं मोजून काय कळणार? उलटं करून बघा.”

“माणसाला?” रोहननं विचारलं.

“कपड्याला रे, शहाण्या!”

सुरुवात त्याच्याच जीन्सपासून केली. पाय घोट्याशी दुमडला. बाहेरून गडद निळी असलेली जीन्स आतून चक्क पांढरट! रोहननं ती शंभर वेळा तरी घातली असेल, पण “हे आत्ता झालं का?” असं त्यानं विचारलंच. ओवीच्या कंपासपेटीत भिंग होतं. ते लावून बघितलं.

कापड विणायला दोन प्रकारचे धागे लागतात. मागावर लांबीच्या दिशेनं ताणून बसवलेले उभे धागे म्हणजे ताणा, आणि त्यांच्यामधून इकडून तिकडे जाणारे आडवे धागे म्हणजे बाणा. साध्या कापडात सगळे धागे शिस्तीत एकाच्या वरून, एकाच्या खालून जातात. जीन्सचा ताणा निळा असतो आणि बाणा पांढरा. निळा धागा तीन पांढऱ्या धाग्यांच्या वरून उडी मारतो आणि मग एका धाग्याखाली बुडी. पुन्हा तिघांवरून उडी, एकाखाली बुडी. म्हणजे वरून बघणाऱ्याला बहुतेक निळंच दिसणार आणि आतून बघणाऱ्याला बहुतेक पांढरं. शेजारचा निळा धागाही असंच करतो, पण एक घर सरकून. म्हणून जीन्सवर त्या बारीक तिरप्या रेघा दिसतात. तुमच्या जीन्सवर आत्ता बघा. मी थांबतो.

दिसल्या? आता दुसरी गंमत. जीन्स गुडघ्यावरच का पांढरी पडते? रोहनच्या जीन्सला एक धागा लोंबत होता, तो तोडून त्याचं टोक भिंगाखाली धरलं. कडेनं निळं आणि मध्ये पांढरं, निळ्या सालीचा मुळाच जणू! निळीचा रंग मोठा हट्टी असतो. तो पाण्यात विरघळतच नाही. म्हणून आधी रसायनं घालून त्याचं रूप बदलतात. मग ते द्रावण पिवळट-हिरवं दिसतं. त्यात सूत बुडवून बाहेर काढलं, की हवेतला ऑक्सिजन त्याला लागतो आणि डोळ्यांदेखत ते निळं व्हायला लागतं. असं पुन्हा पुन्हा बुडवतात. पण रंग सगळा वरवर बसतो, गाभ्यापर्यंत जातच नाही. आपण गुडघे टेकतो, घसरतो, पडतो. वरचा थर घासून जातो आणि आतला पांढरा गाभा डोकावतो. तुमच्या जीन्सवर तुम्ही कुठेकुठे खेळलात याचा नकाशाच असतो तो. दुकानात आधीच घासून पांढरी केलेली जीन्स जास्त पैशांना मिळते, हे मात्र मला अजून पटलेलं नाही. घासायचं काम आपण फुकट करतोच की!

खिशाच्या कोपऱ्यांवर तांब्याच्या टिकल्या दिसतात ना? खिसे उसवू नयेत म्हणून त्या मारायची कल्पना अमेरिकेतल्या जेकब डेव्हिस नावाच्या शिंप्याची. त्यानं कापडाचा व्यापारी लेव्ही स्ट्रॉस याच्याबरोबर १८७३ साली तिचं पेटंट घेतलं. पण ऐटीत छाती फुगवायची तर आपणही फुगवू शकतो. इंग्रजीत जाड्याभरड्या निळ्या कापडाला आणि त्याच्या विजारीला ‘डंगरी’ असा शब्द आहे. तो आला आपल्या मुंबईच्या डोंगरीवरून! तिथं विकल्या जाणाऱ्या जाड कापडाला डोंगरीचं नाव पडलं आणि ते जहाजात बसून परदेशी गेलं. आणि कर्नाटकात बळ्ळारी गावात जीन्स शिवण्याचा इतका मोठा धंदा आहे, की हुबळीत घेतलेली जीन्स कुठे शिवली असेल याचा अंदाज बांधायला फार लांब जायला नको.

“आता टी-शर्ट,” ओवी म्हणाली. तिनं स्वतःच्याच टी-शर्टाची कड उलटी केली. बाहेरून भिंगातून बघितलं तर इंग्रजी ‘व्ही’ अक्षरांच्या रांगाच रांगा, एकात एक घातलेल्या. आतून मात्र ‘व्ही’ गायब आणि त्या जागी अर्ध्या चंद्रकोरींच्या लाटा. इथे ताणाही नाही, बाणाही नाही. एक धागा फासे टाकत जातो आणि प्रत्येक फाशातून पुढच्या ओळीचा फासा ओढून घेतो. आजी सुयांवर स्वेटर विणते तेच हे. तिच्या भाषेत बाहेरची बाजू सुलट टाक्यांची आणि आतली उलट टाक्यांची. मराठीत मागावर कापडही ‘विणतात’ आणि सुयांवर स्वेटरही ‘विणतात’, त्यामुळे आपला गोंधळ होतो. पण दोन्ही गोष्टी अगदी वेगळ्या. मागावरच्या कापडात धागे ताठ असतात, ओढलं तर ओढणाऱ्याचाच हात दुखतो. टी-शर्ट ओढला की त्यातले फासे लांबट होतात आणि सोडला की परत गोल. म्हणूनच टी-शर्टात डोकं घालता येतं आणि शर्टाला बटणं लावावी लागतात!

रोहनच्या अंगात क्रिकेटची चकचकीत जर्सी होती. तीही फाशांचीच, पण पॉलिएस्टरची. सुती कापडाला पाणी प्रिय. साध्या दमट हवेत शंभर ग्रॅम कोरडा कापूस हवेतून आठेक ग्रॅम पाणी पिऊन बसतो. पॉलिएस्टर अर्धा ग्रॅमसुद्धा पीत नाही. म्हणून सुती सदरा घाम टिपून घेतो आणि जड होतो. जर्सी घाम पीत नाही, नुसता अंगावरून पुढे पसरवते आणि लवकर वाळते. दोघांचे दोन स्वभाव. प्रवासाला एक बरा, पळायला दुसरा.

मग मुलांची नजर माझ्यावर गेली. “मामा, तुझे सगळे शर्ट चौकटीचेच का असतात?”

याचं कारण मावशीच. तिनं मला दहाव्या वर्षी शिकवलं होतं, की नक्षी उलटीकडे फिकी असेल तर ती छापलेली. आधी पांढरं किंवा एकरंगी कापड विणलं आणि मग वरून रंग दिला. तो मागपर्यंत पुरा पोचत नाही. पण चौकटीच्या शर्टात आधी सूत रंगवतात आणि मग रंगीत ताण्या-बाण्यातून चौकटी विणतात. म्हणून आतून बघा, बाहेरून बघा, चौकट तीच. तेव्हापासून मी चौकटीच घालतो. ओवीनं माझी कॉलर उलटी करून खात्री करून घेतली. भर रस्त्यात. आता लाज वाटायची पाळी पुन्हा माझी.

मावशीला खण घ्यायचा होता. खण तुम्हाला माहीत असतो, देवीची ओटी भरताना नारळाबरोबर ठेवतात तो. पूर्वी त्याची चोळी शिवत. हल्ली तर खणाच्या साड्या, फ्रॉक, पर्स, चपलासुद्धा निघाल्यात. हे कापड मूळचं बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्ड गावचं. दुकानदारानं एक खण गादीवर झटकला. रोहन म्हणाला, “जांभळा.” ओवी त्याच्या शेजारीच उभी होती. ती म्हणाली, “लाल!” दोघंही पेटली. दुकानदार हसायला लागला. त्यानं काही न बोलता दोघांची जागा बदलली. आता रोहनला लाल दिसायला लागला आणि ओवीला जांभळा.

यालाच धूपछाव म्हणतात. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या रंगाचा, आणि धागे चकचकीत. चकचकीत धाग्यावर उजेड पडला की तो एका ठरावीक दिशेनंच जोरात परततो. ताणा उभा आणि बाणा आडवा, त्यामुळे दोघांचा उजेड दोन दिशांनी परततो. तुम्ही ज्याच्या वाटेत उभे, त्याचा रंग तुम्हाला दिसणार. मावशीनं अर्थात तो खण उलटा केला. आत नक्षीचे जादा धागे होते. बाहेर जिथं फूल नाही, तिथं ते मागच्या बाजूला दबा धरून बसलेले. फूल आलं की वर, संपलं की परत खाली.

शेजारी एक साडी उलगडलेली होती. निळ्या अंगाची, लाल पदराची. मराठीत आपण जिला इरकल किंवा इरकली म्हणतो ती. गावाचं नाव इळकल, तेही बागलकोट जिल्ह्यातच. कोप्पीकर रोडवर ही साडी नेसलेल्या आज्या तुम्हाला हमखास दिसतील. काठ ठळक, पदर लालभडक आणि पदरावर पांढरी नक्षी. त्या नक्षीच्या प्रकारांना नावं कशी झकास आहेत! एक ‘हणिगे’, म्हणजे कंगवा. एक ‘कोटी कम्मळी’, म्हणजे कोटाचे बुरूज. एक ‘तोप तेनी’, तिच्यात ज्वारीची कणसं. एक ‘रंपा’, तिच्यात डोंगरांची रांग. सकाळी ज्या ज्वारीची भाकरी थापली, तिचंच कणीस पदरावर. आजूबाजूला जे दिसतं ते अंगावर घ्यायचं, अशी ही आवड.

“आता सांगा,” मावशी म्हणाली, “हिचा जोड कुठंय?”

“कसला जोड?”

इरकलीचं अंग बहुतेक सुती आणि पदर रेशमी. पण साडी तर सलग! कात्री नाही, शिवण नाही. मग सुताचं रेशीम होतं कुठे? ओवीनं भिंग सरकवत नेलं, आणि जिथं अंग संपून पदर सुरू होतो, तिथं तिला फाशांची एक बारीक ओळ सापडली. या पद्धतीला ‘कोंडी’ म्हणतात. अंगाचे ताण्याचे धागे वेगळे, पदराचे वेगळे. विणायच्या आधीच अंगाच्या एकेका धाग्याचं टोक पदराच्या एकेका धाग्याच्या फाशात अडकवायचं. तुम्ही दोघं बोटांचे आकडे करून एकमेकांत अडकवता आणि ओढता ना, तसं. पदराच्या रुंदीत धागे किती असतील? ते सगळे, एकेक करून. आणि हे दर साडीला नव्यानं. पुढच्या साडीसाठी पुन्हा पहिल्या धाग्यापासून सुरुवात. महागाचं रेशीम चारचौघांना दिसेल अशा पदरापुरतंच वापरायचं आणि नेसायचा भाग अंगाला बरं वाटेल असा सुताचा ठेवायचा, यात हिशेबही आहे आणि हौसही.

रोहनला तो जोड ओढून बघायचा होता. दुकानदारानं साडी घाईघाईनं मिटली.

घरी जाताना वाटेत बेंगेरी लागलं. हा हुबळीचाच एक भाग. इथं कर्नाटक खादी ग्रामोद्योग संयुक्त संघ आहे, १९५७ साली सुरू झालेला. तिथं आपला तिरंगा तयार होतो. प्रमाणित खादीचा राष्ट्रध्वज बनवायचा परवाना कितीतरी वर्षं देशात फक्त या संघाकडे होता. म्हणजे पंधरा ऑगस्टला मोठमोठ्या इमारतींवर फडकणारे पुष्कळ झेंडे इथल्या शिलाई मशिनांखालून गेलेले. ध्वजाला उलटी बाजू नसते. अशोकचक्र दोन्हीकडून स्पष्ट आणि पूर्ण दिसलं पाहिजे, असा नियमच आहे. बारा महिने वाऱ्यावर पलटणाऱ्या कापडाला दुसरा काय नियम असणार!

घरी पोचेस्तोवर दिवेलागण झाली. मावशी देवापुढे वाती वळायला बसली. रोहन तिच्या मांडीला टेकून बसला होता. त्यानं कापसाचा पुंजका हातात घेतला आणि दोन्हीकडून ओढला. फस्सकन तुटला. मावशीनं तेवढाच कापूस घेतला, तळहातावर पीळ दिला आणि वात त्याच्या हातात दिली. “आता तोड.”

तुटेना.

मुलांनो, दिवसभर आम्ही जे काही उलटंसुलटं करून बघितलं, त्या सगळ्याच्या मुळाशी ही वात होती. कापूस म्हणजे सरकीच्या अंगावरचे केस. त्यातला एकेक केस म्हणजे फक्त एक पेशी. आपल्या शरीरातल्या बहुतेक पेशी डोळ्यांना दिसतसुद्धा नाहीत, आणि ही पेशी पाहा, दोन-तीन सेंटीमीटर लांब! बोंड फुटून कापूस वाळला की ही पोकळ नळी चपटी होते आणि फितीसारखी स्वतःभोवती पिळली जाते. असे इवलेसे केस एकमेकांवर ठेवून पीळ दिला, की ते एकमेकांना घट्ट धरून बसतात. गोंद नाही, गाठ नाही. आणि जितकं ओढावं तितकी पकड आवळते. त्या पिळावर नऊवारी साडीचा आठ मीटर लांबीचा धागा उभा राहतो. केस तीन सेंटीमीटरचा, साडी आठ मीटरची.

हुबळी-धारवाडचा आणि कापसाचा फार जुना संबंध. १९७२ साली धारवाडला डॉ. बी. एच. कटरकी यांनी ‘वरलक्ष्मी’ नावाचा संकरित कापूस तयार केला. त्यात ‘लक्ष्मी’ नावाच्या आपल्या वाणाचा संकर कापसाच्या वेगळ्याच जातीशी केला होता, आणि शेतात लावायला दिलेला अशा प्रकारचा तो जगातला पहिला कापूस मानला जातो. त्याचे केस लांब आणि बारीक होते, म्हणजे सूतही बारीक. मावशीला हे सगळं माहीत होतं. “तुमच्या मामापेक्षा मला शेतीतलं जास्त कळतं,” ती म्हणाली. हे मात्र खरं आहे.

जेवण झाल्यावर तिनं कपाटातून एक साडी काढली. काळी इरकली, पदराजवळ बारीक भरतकाम. गोपुरं, तुळशीवृंदावन, हत्ती, आणि मधूनमधून पक्षी. हीच धारवाडकडची कसूती. ‘कै’ म्हणजे कानडीत हात, आणि सूत तर तुम्हाला आलंच. कसूती करताना कापडावर आधी काही काढायचं नाही, छापायचं नाही. कापडाचे धागे डोळ्यांनी मोजायचे आणि मोजून टाका घालायचा. तिच्यात चार प्रकारचे टाके. ‘मेंथी’ म्हणजे मेथीच्या दाण्यांसारखा, फुलीचा. ‘नेय्गी’ म्हणजे विणल्यासारखा दिसणारा. ‘मुरगी’ म्हणजे पायऱ्या-पायऱ्यांचा. आणि चौथा ‘गवंती’.

या वेळी सांगावं लागलं नाही. रोहननं पदर स्वतःहून उलटा केला, आणि गप्प बसला. मागेही तेच गोपूर, तेच वृंदावन. गाठ कुठेच नाही, लोंबणारा धागा नाही. सुलटी कुठली आणि उलटी कुठली, हेच कळेना. सकाळपासून पहिल्यांदाच मावशीच्या युक्तीला काही सापडलं नव्हतं.

गवंतीची करामत अशी. जाताना टाके एक सोडून एक घालत जायचं. एक टाका वर दिसतो, पुढचा खालच्या बाजूला. मग टोकाला पोचलं की त्याच वाटेनं परत यायचं आणि येताना राहिलेल्या रिकाम्या जागा भरायच्या. म्हणजे प्रत्येक रेघेवरून सुई दोनदा जाते, एकदा वरून, एकदा खालून. म्हणून दोन्ही बाजू सारख्या. आणि सुई जिथून निघाली होती, तिथंच परत येते. सुरुवातीचं टोक आणि शेवटचं टोक तिथल्याच टाक्यांखाली लपवायचं, की झालं. गाठीला जागाच नाही.

ओवीनं लगेच शंका काढली. “पण वृंदावनाला इतके फाटे आहेत. सगळ्या रेघांवरून फिरून परत त्याच जागी कसं येता येईल? मध्येच अडकणार ना?”

अशीच शंका रशियात राहणाऱ्या एका गणितज्ञापुढे आली होती. लिओनार्ड ऑयलर त्याचं नाव. प्रशियातल्या क्योनिग्जबर्ग गावात नदीवर सात पूल होते. प्रत्येक पुलावरून एकदा आणि एकदाच जाऊन फेरफटका पुरा करता येईल का, असं लोकांना कोडं पडलं होतं. १७३६ साली ऑयलरनं उत्तर दिलं: नाही येणार. का? जिथं जिथं रस्ते मिळतात, तिथं आपण एका वाटेनं येतो आणि दुसऱ्या वाटेनं जातो. म्हणजे वाटा जोडीजोडीनं खर्च होतात. निघाल्या जागी परत यायचं असेल, तर प्रत्येक नाक्यावर वाटांची संख्या सम हवी. त्या गावात प्रत्येक नाक्यावर ती विषम होती. फेरी अडकली.

आता कसूतीकडे या. इथं प्रत्येक रेघेवरून दोनदा जायचंय. एखाद्या नाक्यावर तीन रेघा असोत, पाच असोत, दोनानं गुणल्या की सहा, दहा. नेहमी समच! म्हणजे चित्र कसंही असो, कितीही फाट्यांचं असो, रेघा एकमेकींना जोडलेल्या असल्या की सुई घरी परतणारच. चौकटीच्या वहीत एक झाड काढा आणि पेन्सिल न उचलता प्रत्येक फांदीवरून दोनदा जाऊन बघा. ओवीनं चार झाडं काढली. एकदाही अडकली नाही. मावशीनं ऑयलरचं नाव कधी ऐकलं नव्हतं. “मला आईनं शिकवलं,” ती म्हणाली. “परत यायची वाट आधी ठरवायची, मग सुई ओवायची.”

तेवढ्यात रोहन ओरडला, “इथं पाच आहेत!”

तो भिंग घेऊन एकटाच गोपुराचे धागे मोजत बसला होता. प्रत्येक टाका चार धाग्यांचा. चार, चार, चार आणि डावीकडच्या तिसऱ्या पायरीवर पाच. नीट बघितलं तर गोपूर तिथून वर अगदी एका धाग्यानं कललेलं.

मावशीनं चष्मा लावला, बघितलं आणि हसली. “चाळीस वर्षांत कुणाला सापडलं नव्हतं रे. हा तुमचा मामा पाळण्यात होता तेव्हा. त्याच्या आईच्या बाळंतपणाला आले होते मी, आणि रात्री बसून हे करत होते. हा रडायला लागला. उठले, झोके दिले, परत येऊन बसले ती मोजणी चुकून. चार बोटं पुढं गेल्यावर लक्षात आलं.”

“मग उसवलं का नाहीस?”

“उसवायचं तर ज्या वाटेनं आलं त्याच वाटेनं सगळं मागं जावं लागतं. आणि हा परत रडायला लागला.”

रोहननं पदर उलटा केला, भिंग धरलं, बोटानं मोजत गेला. मागच्या बाजूलाही डावीकडच्या… नाही, आता उजवीकडच्या, तिसऱ्या पायरीवर पाच. मग दोघांनीही मान वर करून माझ्याकडे बघितलं.